शिवलेल्या जहाजाचा सांधा: एका मॉडेलच्या फोकस स्टॅकिंगचे प्रकरण

सरांचा फोन आला तो जुलैच्या पहिल्या आठवड्यात. "बाय, जहाज झालं. फोटो काढायला ये. पण सांधा दिसला पाहिजे. सांधा दिसत नसेल तर फोटो नको."

सर म्हणजे शाळेतले माझे सुतारकामाचे शिक्षक. निवृत्त झाल्यावर गोव्यातल्या दिवाडी बेटावरच्या घरी, मागच्या पडवीत, त्यांनी मॉडेल करायला घेतली. हे मॉडेल भारतीय नौदलाच्या 'आयएनएसव्ही कौंडिण्य' या शिडाच्या जहाजाचे. मूळ जहाज त्यांच्याच बेटावर बांधले गेले, त्यामुळे विषय शोधायला त्यांना लांब जावे लागले नाही. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या चित्रावरून बेतलेले हे जहाज. १२ सप्टेंबर २०२३ ला दिवाडीत त्याचा कणा बसला, फेब्रुवारी २०२५ मध्ये ते पाण्यात उतरले आणि २१ मे २०२५ ला कारवारला नौदलात आले. फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नाहीत, काथ्याच्या दोरीने शिवलेल्या आहेत आणि सांधे राळेने बंद केलेले आहेत. दोन चौकोनी शिडे, मागे सुकाणाऐवजी वल्ही, नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, सिंहयाळी हा सिंहासारखा काल्पनिक प्राणी. मूळ लांबी १९.६ मीटर. सरांनी प्रमाण घेतले १:५०, म्हणजे मॉडेल ३९ सेंटिमीटरचे. फळ्या फणसाच्या लाकडाच्या, १ मिलिमीटर जाडीच्या. दर ३ मिलिमीटरला हातातल्या बारीक ड्रिलने अर्ध्या मिलिमीटरचे भोक आणि त्यातून मेण लावलेला सुती दोरा. अख्खे जहाज असे शिवले आहे. सुपरग्लूचा एक थेंब नाही.

त्यांना हवे होते एकच मोठे छायाचित्र, गावच्या वाचनालयाच्या भिंतीसाठी, ३० इंच रुंद. पुढे नाळ, तिथून फळ्यांच्या रांगा मागे मागे जाताहेत आणि प्रत्येक टाका मोजता येतोय. चौकटीत मावायचा होता जेमतेम ६ सेंटिमीटर रुंदीचा भाग. ३० इंचांच्या कागदावर तो साडेबारा पटींहून जास्त मोठा होणार. दोन भोकांमधले ३ मिलिमीटर कागदावर जवळजवळ ४ सेंटिमीटर होणार. एवढे मोठे झाल्यावर काहीही लपून राहत नाही, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे.

अडचण समजायला थोडे गणित लागते, ते एकदाच सांगते. माझा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, एपीएस-सी सेन्सरचा, लेन्स ६० मिमी मॅक्रो. ६ सेंटिमीटरचा भाग साडेतेवीस मिलिमीटरच्या सेन्सरवर आणायचा म्हणजे प्रतिमा वस्तूच्या ०.३९ पट. लेन्सचे छिद्र एफ ८ ला ठेवून (हा आकडा जितका मोठा तितके छिद्र बारीक), नेहमीचे ढोबळ माप धरले तर, स्पष्टतेचा पट्टा ३ मिलिमीटरच्या आसपास पडतो. मोठ्या कागदावर कडक नजरेने पाहायचे तर त्याचा निम्मा. आणि मला हवी होती नाळेपासून मागे ७ सेंटिमीटरची खोली.

सरांचा पहिला सल्ला होता, "छिद्र बारीक कर ना." एफ २२ ला घेऊन त्यांना दाखवले. पट्टा ८ मिलिमीटरच्या पुढे गेला नाही आणि सगळे टाके मऊ झाले. इतक्या जवळून घेताना एफ २२ चे काम प्रत्यक्षात एफ ३० सारखे होते. प्रकाश छिद्राच्या कडेवर इतका पसरतो की एका बिंदूचा ठिपका सेन्सरवर दहा पिक्सेल व्यापतो. एफ ८ ला तोच ठिपका चारेक पिक्सेलचा असतो. खोली मिळवायला गेले आणि बारकावा गमावून बसले. तेव्हा एफ ८ वर राहून फोकस थोडा थोडा सरकवत बरेच फोटो घ्यायचे आणि प्रत्येकातला स्पष्ट भाग प्रोग्रामने उचलून एक चित्र करायचे, म्हणजेच फोकस स्टॅकिंग, हाच रस्ता उरला. हेलिकॉन फोकस, झेरीन स्टॅकर हे याच कामासाठी केलेले प्रोग्राम, फोटोशॉपमध्येही सोय आहे, आणि पैसे न खर्चता करायचे तर एनफ्यूज आहे. प्रोग्राम कोणता हा प्रश्न लोक मला पहिल्यांदा विचारतात. या कामात तो प्रश्न फार मागचा निघाला.

पहिली खेप: सरकपट्टी

मी मॅक्रोसाठीची सरकपट्टी घेऊन गेले होते. कॅमेरा तिच्यावर बसवायचा आणि चकती फिरवून मिलिमीटर-मिलिमीटर पुढे न्यायचा. फोकसची रिंग हलवायचीच नाही. किड्यांचे फोटो काढणारे असे करतात आणि त्यांचे बरोबर असते, कारण त्यांना जेमतेम २-३ मिलिमीटर सरकायचे असते. मला सरकायचे होते ७० मिलिमीटर, आणि लेन्सपासून नाळ होती २१ सेंटिमीटरवर. म्हणजे अंतराचा तिसरा हिस्सा मी कॅमेराच पुढे नेत होते.

घरी येऊन जोडले तेव्हा काय झाले ते कळले. फळ्यांच्या कडा दुहेरी आल्या. पुढच्या कडा जुळवाव्यात तर मागच्या सुटत होत्या. कारण सरळ आहे: कॅमेरा हलला की नजरेची जागा बदलते, पुढची दोरी मागच्या वेगळ्याच फळीसमोर येते, आणि अशा दोन फोटोंना कुठलाही प्रोग्राम एकमेकांवर बसवू शकत नाही. दुसरी गोष्ट मला जास्त लागली. ज्या थोड्या भागात जोडणी जमली होती तिथे जहाज चपटे दिसत होते. प्रत्येक फ्रेममधला स्पष्ट काप लेन्सपासून सारख्याच अंतरावरून घेतलेला, म्हणून सारख्याच आकाराचा. मागे जाणाऱ्या फळ्या लहान होतच नव्हत्या. खऱ्या जहाजाच्या नाळेशी उभे राहिले की फळ्या एकमेकींकडे झुकत दूर जातात, आणि त्यावरूनच ते मोठे वाटते. ते झुकणे गेले की ३९ सेंटिमीटरचे लाकूड उरते.

सेन्सरवर वस्तू तिच्या खऱ्या मापाहून लहान पडत असेल, म्हणजे प्रतिमा एकपटीच्या खाली असेल, तर कॅमेरा जागेवर ठेवून फोकसच सरकवायचा, हे मी आता प्रत्येकाला सांगते. फोकस सरकताना प्रतिमा थोडी लहानमोठी होते, पण ते प्रोग्राम सहज जुळवतो. त्यासाठी चौकटीच्या चारही बाजूंना दहाएक टक्के जागा मोकळी सोडायची, कारण जुळवताना कडा कापल्या जातात.

त्याच दिवशी आणखी दोन चुका झाल्या होत्या. मी खिडकीच्या उजेडात काम केले. जुलैतले ढग चार मिनिटे एकसारखे कधी राहतात? जोडलेल्या चित्रात एक फळी उजळ, तिच्या शेजारची मळकट. आणि डोक्यावर पंखा चालू होता. शिडाचा खालचा काठ हलत होता, माझ्या डोळ्याला न दिसण्याइतकाच, पण जोडलेल्या चित्रात त्या काठाची तीन पदरी झालर झाली होती.

दुसरी खेप

आठवड्याने जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोट धरून परत गेले. पाऊस धो धो, कॅमेरा दोन पिशव्यांत. पडवी सोडून आतली खोली घेतली, खिडकीला चादर लावली, पंखा बंद. पंधरा मिनिटांत आम्ही दोघे घामाने निथळलो, पण दोरा हलला नाही. दोन एलईडी पॅनेल, समोर ट्रेसिंग पेपर. एक्स्पोजर अर्ध्या सेकंदाचे. हे मुद्दाम: विजेच्या दिव्याचा उजेड सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होऊ शकतो, आणि कमी वेळाच्या एक्स्पोजरमध्ये प्रत्येक फ्रेमला वेगळा हिस्सा येतो. अर्ध्या सेकंदात तो सगळा सरासरीत जातो. जहाज हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या मुठीएवढ्या पिशव्या टेकवल्या. मॅन्युअल एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स पक्का केलेला.

कॅमेऱ्यात फोकस ब्रॅकेटिंग आहे, म्हणजे मोटर स्वतः पायरीपायरीने फोकस मागे नेते. पण पायरीचा आकडा हा नुसता आकडा असतो, मिलिमीटर नसतो. म्हणून जहाजाच्या जागी आधी सरांची स्टीलची पट्टी तिरकी ठेवली, चार फ्रेम घेतल्या आणि कोणत्या आकड्याला स्पष्ट रेघा किती सरकतात ते मोजले. माझ्या लेन्सला ४ या आकड्याला साधारण १ मिलिमीटर आले. पट्टा दीडचा, पायरी एकची, म्हणजे दर दोन फ्रेम एकमेकींवर चढतात. या तपासाला पाच मिनिटे लागतात. हे न करता अंदाजाने पायरी मोठी ठेवली तर चित्रात स्पष्ट-धूसर-स्पष्ट असे पट्टे पडतात, आणि ते घरी आल्यावर दिसतात, तेव्हा फेरीबोट गेलेली असते.

७२ फ्रेम घेतल्या. सगळ्या कॅमेऱ्याच्या कच्च्या (रॉ) फाइलींमधून सारख्याच मापाने १६-बिट टिफमध्ये काढल्या. एकेक फाइल १४४ एमबीची, म्हणजे सगळ्या मिळून १० जीबीच्या वर. माझा लॅपटॉप एवढे एकदम ओढत नाही, म्हणून बारा-बाराचे गट केले, दर दोन गटांत तीन फ्रेम सामाईक. आठ गट आधी वेगवेगळे जोडले, मग ते आठ निकाल एकत्र जोडले. वेळ वाचलाच, पण मोठा फायदा पुढे झाला: कुठे बिघडले ते गटावरून सापडत होते. सेन्सरवर धुळीचा एक कण होता. प्रतिमा लहान होत जाते तसा तो कण चित्रभर ठिपक्यांची रांग सोडत गेला. तो गटांतच पुसला, शेवटी पुसत बसले असते तर टाकेही पुसले गेले असते.

जोडण्याच्या मुख्य पद्धती दोन. एकीत प्रोग्राम प्रत्येक बिंदू कुठल्या फ्रेममध्ये सर्वांत स्पष्ट आहे याचा नकाशा करतो आणि त्या फ्रेममधून तो बिंदू जसाच्या तसा घेतो. फणसाच्या लाकडाचा पिवळा रंग, त्यावरचा राळेचा हलका तकाकीपणा, हे या पद्धतीत नेमके राहते. दुसरीत चित्र बारीक आणि ठळक तपशिलांच्या थरांत फोडून पुन्हा बांधले जाते. दोऱ्यावर दोरा आडवा गेला असेल तिथे ही दुसरी सरस, पण ती खरखर वाढवते आणि रंग जरा कडक करते. मी लाकूड पहिल्या पद्धतीचे ठेवले आणि फक्त दोरखंडांच्या जागी दुसरीचा निकाल ब्रशने आणला. ज्या कोणी दोनपैकी एकच निवडून पूर्ण चित्र सोडतात त्यांची निम्मी मेहनत वाया जाते, असे माझे मत आहे.

आणि तरी चित्र चुकलेलेच होते.

नाळेच्या पुढ्यात नांगराचा दोर लोंबत होता. खऱ्या सुंभाचा एक पेड सोडवून सरांनी तो वळलेला. फळ्यांच्या साधारण २ सेंटिमीटर पुढे. त्या दोराच्या दोन्ही बाजूंना, वरपासून खालपर्यंत, फळ्यांवर एक धूसर पट्टी. कागदावर प्रत्येक बाजूला अर्धा सेंटिमीटर. त्या पट्टीत येणारे टाके धुक्यातून दिसावेत तसे. पहिल्या पद्धतीने पट्टी, दुसऱ्या पद्धतीने थोडी कमी पट्टी, पण पट्टी आहेच. रात्री दोनपर्यंत मी त्रिज्या वाढव, गुळगुळीतपणा कमी कर, असे प्रोग्रामचे सगळे आकडे फिरवले.

मग एकेक फ्रेम उघडून बघत बसले, आणि उत्तर तिथेच होते. फळी स्पष्ट असलेल्या फ्रेममध्ये दोर फोकसबाहेर, म्हणून तो फुगून रुंद झालेला, आणि शेजारच्या फळीवर त्याची सावलीसारखी पसरण. दोर स्पष्ट असलेल्या फ्रेममध्ये फळी धूसर. म्हणजे दोराला लागून असलेली ती चिंचोळी पट्टी ७२ पैकी एकाही फ्रेममध्ये स्वच्छ आलेलीच नव्हती. प्रोग्राम निवड करतो. जे कुठल्याच फ्रेममध्ये नाही ते तो कुठून आणणार? एफ ११ केले तर पसरण पाऊण होते, जात नाही.

बिनदोराचे जहाज

किड्याचा पाय बाजूला काढून ठेवता येत नाही. मॉडेलचा दोर काढता येतो. नांगराचा दोर सरांनी नाळेवरच्या खुंटीला नुसता अडकवलेला होता. तिसऱ्या खेपेला आधी दोरासकट पूर्ण मालिका घेतली. मग कॅमेरा, दिवे, फोकसची सुरुवात, कशालाही हात न लावता सरांनी चिमट्याने दोर उचलला, आणि तीच मालिका पुन्हा घेतली. दोन वेगळी जोडलेली चित्रे. बिनदोराच्या चित्रात सगळे टाके स्वच्छ. त्यावर दोरासकटच्या चित्रातला फक्त दोर, त्याच्या कडेला लागून काळजीपूर्वक मास्क करून, म्हणजे बाकीचा भाग झाकून. चिमट्याचा धक्का लागून जहाज केसभर सरकले होते, ते वरचा थर दोन पिक्सेल सरकवून जुळले. दोराची फळीवर पडणारी सावली मात्र बिनदोराच्या चित्रात नसते. ती दोरासकटच्या चित्रातून वेगळ्या, मऊ कडेच्या मास्कने आणावी लागली. सावली विसरली तर दोर हवेत चिकटवल्यासारखा दिसतो.

हे खरे छायाचित्र का, असे एका मित्राने विचारले. माझ्या मते होय. चित्रातला प्रत्येक बिंदू त्याच खोलीत, त्याच दिव्यात, त्याच जहाजाचा घेतलेला आहे. वाचनालयातल्या पाटीवर मात्र 'अनेक छायाचित्रे जोडून' असे लिहायचे मी आग्रहाने ठरवले.

आता सगळे स्पष्ट होते, आणि तेच खुपायला लागले. मागे शिडाचा खालचा भाग चौकटीत येत होता. शीड मलमलीचे, आणि तिची वीण साफ दिसत होती. १:५० मध्ये विणीचा एक धागा खऱ्या जहाजावर बोटाएवढा जाड. तसेच सुंभाच्या दोरातून सुटलेले तंतू: ०.३ मिलिमीटरचा तंतू पन्नासपटीने १५ मिलिमीटरचा होतो, म्हणजे करंगळीएवढी काठी दोरातून बाहेर आलेली. डोळ्याने मॉडेल पाहताना हे जाणवत नाही. स्टॅकिंग मात्र सगळे सारख्याच निष्ठेने दाखवते, कारागिरी आणि कापडाची वीण दोन्ही. कुठपर्यंत दाखवायचे हे आपणच ठरवायचे असते. मी मागच्या बाजूच्या १४ फ्रेम काढून टाकल्या. फळ्या शेवटपर्यंत स्पष्ट राहिल्या, शीड हळूहळू मऊ होत गेले, आणि जहाज एकदम मोठे झाले. दोराचे तंतू सरांनी पुढच्या खेपेआधी पातळ डिंकाने बसवून टाकायचे ठरवले. ते संगणकावर पुसायला मी नकार दिला होता, आणि त्यांनाही ते पटले. दोर त्यांनी वळलेला, नीट करायचा तर त्यांनीच.

चाचणीचा प्रिंट घेऊन गेले तेव्हा सरांनी तो जेवणाच्या टेबलावर पसरला, चष्मा काढला आणि नाक कागदाला लावून नखाने टाके मोजायला लागले. वरून तिसऱ्या फळीपर्यंत बोलले नाहीत. मग नख थांबले.

"हा उलटा पडलाय."

सगळे टाके डावीकडून उजवीकडे चढत होते, हा एकच उजवीकडून डावीकडे. मॉडेलवर तो दीड मिलिमीटरही नसेल. कागदावर दोन सेंटिमीटर. शेजारचा टाका उचलून त्यावर ठेवणे मला दोन मिनिटांचे काम होते, आणि मी तसे म्हणालेही. त्यांनी मान हलवली. उठून जहाज आणले, सुईने त्या सांध्याची गाठ शोधली, आणि दोरा मागे मागे ओढत तिसऱ्या फळीचे एकोणीस टाके उसवले.

ऑगस्टमध्ये पुन्हा बोलावले. खिडकीला चादर त्यांनी आधीच लावून ठेवली होती, पंखा बंद होता, वाळूच्या पिशव्या टेबलावर तयार होत्या. मी कॅमेरा लावला, स्टीलची पट्टी ठेवून पायरी पुन्हा मोजली, मालिका ५८ फ्रेमची ठरवली. शटरला हात लावणार तेवढ्यात सरांनी चिमट्याने नांगराचा दोर खुंटीवरून उचलून बाजूच्या बशीत ठेवला.

"आधी बिनदोराचा घे," ते म्हणाले. "दोर मग हळूच अडकवू. काढताना मागच्या वेळी धक्का बसला होता."